राजांनी होडी घेतली आणि जिताडा खोल पाण्यात सापडला त्याची हकीकत

श्री खाडीमाता जागती असो, भरती-ओहोटी नेमाने चालो, लिहिणाराची शाई न वाळो. शके सोळाशे एकुणऐंशी, ईश्वर नाम संवत्सर, श्रावणापासून कार्तिकापर्यंत खाडीकाठच्या राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, लिहिले तर शेजारचे म्हणतील की ही फजिती आमची नव्हे, तुमचीच, आणि तंटा उभा राहील. राज्य ऐसे की सकाळी घोड्यावर निघावे तो जेवणवेळेस सीमा संपावी, परंतु डौल मोठा. गादीवर हैबतराजे, उमर पन्नाशीची, घराणे घोडदळाचे, पाण्याशी ओळख स्नानापुरती. एक नाद मात्र लहानपणापासून, की खाडीच्या बांधावर बसावे आणि गळ टाकावा, आणि त्यातही जीव जिताड्यावर. जिताडा म्हणजे खाडीतला मानकरी मासा, अंग रुपेरी, जबडा रुंद, आणि चवीस ऐसा की पंगतीत बोलका मनुष्यही गप्प होतो.

आता या घराण्यात एक कुळाचार होता तो ऐकावा. लेक सासरी गेली की पहिल्या दिवाळसणास जावई येतो, आणि पाडव्याच्या पंगतीत त्याचे ताटात सासऱ्याने स्वहस्ते धरलेला जिताडा वाढावा. वाढला तर लेक महिनाभर माहेरी राहते, न वाढला तर जावयाने पागोटे न उतरता उठावे आणि लेकीने आली त्याच पालखीतून माघारी जावे. हा आचार कोणी काढला ते कोणास ठाऊक नाही, परंतु मोडावयाची छाती कोणाची जाहली नाही. राजांस एकच लेक, चिमाबाई. लहानपणी ती बांधावर बापाशेजारी बसे, आमिषाच्या कोळंबीची वाटी मांडीवर धरी, आणि अखंड बडबड करी. वैशाखात तिचे लग्न जाहले आणि ती परमुलखी गेली, आणि तेव्हापासून राजांस घर खावयास उठू लागले. राणीसाहेब म्हणत, जेवा, तर म्हणत भूक नाही, आणि बांधावर जाऊन बसत, आणि शेजारची जागा मोकळी ठेवीत. आणि सर्वांत मोठी अडचण ही, की गेली तीन वर्षे त्या खाडीत एकही जिताडा राजांचे गळास लागला नव्हता, आणि दुसऱ्याने तेथे गळ टाकावयाची मुभा नव्हती.

येथे लिहिले पाहिजे की त्याच तीन वर्षांमागे वरच्या दरबारातून या दौलतीस नगाऱ्याचा मान मिळाला होता. राजांनी वेशीबाहेर पाऊल टाकले की येसू गुरवाने नगारा झोडावा, आणि राजे परत वेशीत येईतो थांबू नये. नगारा मध्येच बंद पडावा तो एकाच प्रसंगी, आणि तो प्रसंग कोणी तोंडाने बोलत नाही. येसूस त्या मानाचा मोठा अभिमान, की सात पिढ्या देवळात शिंग फुंकले ते आज राजापुढे चाललो. राजे बांधावर गळ टाकून बसत, आणि मागे येसू घाम पुसून धडाधड वाजवी, आणि लोक म्हणत, वाहवा, केवढी ही शोभा. मग जिताडा का लागत नाही यावर दरबारात मसलत जाहली. उपाध्ये म्हणाले ग्रह वक्री, कारभारी म्हणाले शेजारच्या राजाने फितूर करून मासे पळविले. राजांनी सर्वांचे ऐकून घेतले, परंतु मनास पटेना. त्यांचा स्वभाव ऐसा की एक गोष्ट डोक्यात शिरली की कानात डास शिरल्यासारखी भुणभुण लागे. मेले असते तर तरंगले असते, कोणी धरले असते तर बाजारात दिसले असते, मग आहेत तरी कोठे? बांधावरून दिसते ते कमरभर पाणी, पलीकडचे कोणी पाहिले आहे? तेव्हा राजे बोलिले, "पाण्यात जाऊन पाहू. होडी घ्या."

राज्यात आजपर्यंत होडी नव्हती, म्हणोन खरेदीचे काम पागेदार बाळोजीस सांगितले, कारण जनावर पारखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नारळी पुनवेनंतर समुद्रावरचा पोशा तांडेल एक होडी घेऊन आला. बाळोजीने तिला तीन फेरे घातले, बरगड्यांवर थापट्या मारिल्या, फळ्यांच्या गाठी पाहोन भोवरे शुभ आहेत ऐसा निर्वाळा दिला, आणि विचारिले की हिची आई कोण, बाप कोण. पोशा बिलंदर, तोही चढून म्हणाला की बाप साग, आई उंडी, घराणे नावाजलेले. मग बदल्यात एक पांढरी घोडी देण्याचे ठरले, आणि पोशाने घोडी घेतली, आणि पुढे ऐकिले की त्याने तिला किडा लागू नये म्हणोन नाकापासून शेपटीपर्यंत होडीस लावितात तैसे मुशी माशाचे तेल चोपडले. असो. जाताना पोशा बजावून गेला, "म्हाराज, हिला पान्यापासून लांब ठेवू नका, नायतर सुकंल." बाळोजी म्हणाला, हे काय मला सांगावे लागते? आणि होडी पागेत नेऊन खुंटीस बांधिली, वर झूल घातली, खाली गवत पसरिले, आणि सकाळ-संध्याकाळ तिचे तोंडापुढे पाण्याचे घमेले ठेविले. राजे रोज पाहावयास येत, हात फिरवीत, आणि खुशाल होऊन जात. आश्विनाचे ऊन पागेच्या विरळ कौलांतून उतरत होते आणि फळ्या हळूहळू आवळत होत्या, ते कोणाचे ध्यानी आले नाही.

दसऱ्यास होडीच्या गळ्यात झेंडूची माळ घालून ती खाडीवर आणिली. सारा गाव लोटला. राजे चढले, बाळोजी वल्ह्यास बसला, आणि राजे वेशीबाहेर म्हणोन येसू नगाऱ्यासह मध्ये बसला. चार हात गेले नाहीत तोच फळ्यांच्या फटींतून कारंजी उडाली. बाळोजीने घोड्याचा चामडी तोबरा घेऊन पाणी उपसावयास आरंभ केला, राजांनी पागोटे सोडोन फटींत कोंबिले, आणि नगारा पाण्यात बसला तो चामडे भिजोन पार सैल पडला. येसू मारी, परंतु आवाज ओल्या गोधडीवर काठी मारावी तैसा, पलीकडे जाईना. तशात ओहोटी लागली, वल्हे कोणी धरिले नाही, आणि होडी आपल्या मर्जीने वळणावरच्या काळ्या कातळाखाली जाऊन थांबली. तेथे पाणी गडद हिरवे. राजांनी म्हटले आलोच आहो तर पाहू किती खोल आहे, आणि गळ सोडिला. दोरी जाऊ लागली, जाऊ लागली, अर्धी गेली, पुरी गेली, तरी तळ नाही. राजे ओणवे होऊन पाहातात तो दोरीस ऐसा हिसका बसला की मनगट करकरले. घटकाभर झुंज जाहली आणि वर आला जिताडा, हातभर लांब, रुप्यासारखा लखलखीत. राजे त्यास पाहोन हसले, आणि मग डोळे पुसले, आणि म्हणाले की आहेत, सर्व येथे आहेत. परंतु काठावर निराळाच प्रकार. नगारा थांबला हे ऐकोन लोकांनी समजावयाचे ते समजले. बाजार उठला, कारभाऱ्यांनी गळा काढिला, उपाध्ये सुतकाचे विचारू लागले. राजे चिंब होऊन, काठाचा चिखल तुडवीत, मासा घेऊन परत आले तेव्हा कारभारी रडणे मध्येच सोडावे की पुरे करावे या पेचात पडले. राणीसाहेबांनी मात्र सर्वांदेखत राजांस विचारिले की ही काय रीत झाली, आणि दोन दिवस बोलिल्या नाहीत. त्या दिवसापासून हुकूम जाहला की काही होवो, नगारा बंद पडता कामा नये.

दसऱ्याचा मासा दिवाळीस चालत नाही. परंतु जागा सापडली म्हणोन राजांचा जीव भांड्यात पडला. होडीच्या फटी बुजविल्या, यावेळी ती पाण्यातच ठेविली, नगारा उन्हात कडक वाळविला, आणि राजे पुनः काळ्या कातळाखाली गेले. काही नाही. दुसरे दिवशी गेले, काही नाही. कोळंबी बदलून पाहिली, भरतीस गेले, ओहोटीस गेले, आणि येसू आपला होडीत बसोन कान फुटतील ऐसे वाजवीत होता. दिवाळी जवळ येत चालली आणि चिमाबाईचे निघाल्याचे वर्तमान आले. राजे माडीवर येरझारा घालू लागले. तेच पाणी, तीच दोरी, तोच गळ, मग दसऱ्यास वेगळे काय होते? होडी गळत होती. पागोटे भिजले होते. आणि चालता चालता राजे थांबले, आणि येसूस बोलावून सांगितले की एकटा बांधावर जा, मी खूण केली की वाजव. भरतीचे पाणी बांधास लागले होते, आणि माडीवरून दिसे की बांधाशी जिताडे बोय माशांवर झडप घालताहेत आणि पाणी ठिकठिकाणी उसळते आहे. राजांनी उपरणे हलविले. नगाऱ्यावर टिपरू पडले, आणि पाण्यावर रेघा उमटल्या, एक नव्हे, पाच-पन्नास, आणि साऱ्या काळ्या कातळाकडे धावल्या. राजे कठडा धरोन कितीतरी वेळ पाहात राहिले. तीन वर्षे ते मोठ्या इतमामाने मासे हाकलून देत होते आणि मग ते गेले कोठे म्हणोन विचारीत होते.

येसूस हे सांगितले तेव्हा त्याने टिपरू राजांपुढे ठेविले. म्हणाला, "सरकार, नगारा बंद करा. माझ्या मानापायी बाईसाहेब माघारी जावयास नकोत." परंतु बंद कसा करावा? राजे वेशीबाहेर आणि नगारा मुका, म्हणजे पुनः गावावर सुतक. वाजवावा तर होडीखालचे मासे पळावे. राजांनी हनुवटी खाजविली, खिडकीतून पाण्याकडे पाहिले, आणि हळूच हसू लागले, आणि बाळोजीस बोलावून दार लाविले. आत काय ठरले ते दोघे आणि येसू यांखेरीज कोणास कळले नाही. इतके मात्र बाहेर ऐकू आले, की राजे म्हणाले, "मान तुझा, येसू. मासा माझा."

पाडव्याच्या आदले दिवशी चिमाबाई आणि जावई आले. लेक वाळली होती. तिने येतांच बापाचे पाय धरिले आणि कानाशी म्हणाली की आबा, पालखी अजून सोडिली नाही हो भोयांनी. राजांनी तिचे डोक्यावर हात ठेविला. पाडव्याचे सकाळी राणीसाहेबांनी खोबरे-मिरची वाटून तयार ठेविली आणि चूल पेटविली, आणि वेशीतून राजांची स्वारी निघाली. पुढे येसूचा नगारा, मागे छत्री, चवरी, आणि मध्ये झूल घातलेला घोडा, पडदे सोडिलेल्या अंबारीसारखा चौफेर शेल्यांनी झाकिलेला. लोकांनी मुजरे केले. स्वारी बांधावरून सावकाश चालली, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि पुनः माघारी, आणि येसूने त्या दिवशी ऐसा नगारा वाजविला की म्हाताऱ्यांनी सांगावे, ऐसा कधी ऐकिला नाही. घोड्यावर मात्र कोणी नव्हते. राजे डोकीवर घोंगडी घेऊन मागील दाराने केव्हाच निघाले होते आणि काळ्या कातळाखाली होडीत मुकाट बसले होते, आणि समोर बाळोजी, आवाज निघू नये म्हणोन तोंडात शेला धरून. नगारा दुरून येत होता, आणि पाण्यावर रेघा येत होत्या. राजांनी दोरी सोडिली. ती गेली, गेली, आणि थांबली, आणि मग ओढ बसली तशी होडी कातळाकडे फिरली. राजे घाबरून दोरी आवळू लागले तेव्हा बाळोजी शेला काढून पुटपुटला, "आवळू नका राजे, बिथरलेला आहे. लगाम ढिला सोडा, थकला की आपला आहे." राजांनी सोडिले, धरिले, पुनः सोडिले, आणि जन्मभर घोड्यावर जे शिकले ते हातास आठवले. मासा बापुडा शेवटी कूस दाखवून वर आला.

पंगत बसली. जावयाच्या ताटात जिताड्याची तुकडी पडली, त्यांनी पहिला घास घेतला, आणि पागोटे उतरून बाजूस ठेविले. बाहेर भोयांनी पालखी सोडिली त्याचा आवाज आत आला, आणि राणीसाहेब पदर तोंडास लावून स्वयंपाकघरात गेल्या. दुसरे सकाळी स्वारी पुनः बांधावर निघाली आणि होडीही निघाली. यावेळी होडीत चिमाबाई होती, मांडीवर कोळंबीची वाटी. बोलावयाचे नाही ऐसे बजावले होते, ते तिने काही वेळ पाळिले. काठाने नगारा घुमत होता, छत्री डुलत होती, लोक मुजरे करीत होते. चिमाबाईने ते पाहिले, बापाकडे पाहिले, आणि अगदी हळू विचारिले, "आबा, राजांची स्वारी तर तिकडे चालली आहे. मग हे कोण बसले आहे?"

राजांनी दोरी सोडिता सोडिता सांगितले, "राजे तिकडेच आहेत, चालू देत त्यांना. येथे तुझा बाप बसला आहे." मग चिमाबाई बडबडू लागली, सासरचे, वाटेचे, जावयाच्या घोरण्याचे, आणि त्या दिवशी एकही मासा लागला नाही, आणि राजांनी तिला गप्प बस म्हटले नाही.

एणेकरून पहिली होडी आली, खोल पाणी कळले, येसूचा मान राहिला आणि लेक महिनाभर घरी राहिली. नगारा आजही बांधावर वाजतो. घोड्यावर कोणी नाही हे आता गावात बहुतेकांस ठाऊक आहे, तरी सर्व मुजरे करितात. जैसे घडले तैसे लिहिले, वाचणाराचे घरी लेकीचे पाऊल लागो.