टोक खाली

आपल्या चर्चला स्वतःची अशी खूण नाही, याचं दुःख एटापल्लीकडच्या त्या गावात एकट्या इसरू मास्तरांना होतं. अठ्ठावीस घरांचं चर्च, कौलं अर्धी गळकी. पण मास्तर त्याचे सेक्रेटरी! त्यातून रविवारी बिशपसाहेब येणार होते. चर्च मोठ्या चर्चच्या शेपटाला बांधलेलंच राहणार की स्वतंत्र होणार, ते तेव्हा ठरायचं होतं. मास्तर मनातल्या मनात कधीच स्वतंत्र चर्चचे पहिले सेक्रेटरी होऊन बसले होते.

"वरतं क्रूस आहे ना," सात लेकरांचे तांदूळ निवडत त्यांची बायको गुणाबाई म्हणाली.

"क्रूस तं सगळ्यायकडेच राहते! आपली वळख पायजे. त्रिकोन काढतो. पिता, पुत्र, पवित्र आत्मा."

गावातल्या झाडू नावाच्या पेंटरचा हात सरकारी भिंतींवर बसलेला. तो म्हणाला, "त्रिकोन ना? पत्र्याचा साचाच आहे माह्याकडे. दोन मिनिटाचं काम."

मास्तर निर्धास्तपणे हार आणायला अहेरीला गेले. शनिवारी संध्याकाळी परत येऊन पाहतात तर काय, चर्चच्या दारावर भलामोठा लाल त्रिकोण. टोक खाली!

"अबे झाडू, हा तं कुटुंब नियोजनाचा होय!"

"त्रिकोन तं त्रिकोनच राहते, मास्तर."

"मंग टोक खाली काऊन?"

"साच्याची कडी वरतं आहे ना. उलटा धरता येत नाई."

मास्तरांनी रॉकेलच्या बोळ्याने रंग पुसायला घेतला. तो पुसला गेला नाही, पसरला. आधी त्रिकोण अंगणातून दिसत होता, आता रस्त्यावरूनही दिसू लागला. त्यात तो बाजाराचा दिवस. चर्चात नसबंदीचा कँप आहे, ही बातमी चार गावांत पोचली. आणीबाणीतली धास्ती अजून कोणी विसरलं नव्हतं. रविवारी उजाडायच्या आत झाडून सगळे पुरुष मोहफुलं वेचायला जंगलात पसार झाले. ज्यांनी जन्मात एक फूल वेचलं नव्हतं, तेही टोपली घेऊन गेले.

आलं कोण? तर आरोग्य केंद्राची नर्सबाई! मार्च संपत आलेला, टार्गेट अपुरं. "कँप इथीच आहे म्हंते?" म्हणत तिने पहाटेच चर्चच्या मागच्या ओसरीवर रजिस्टर उघडलंसुद्धा. दारावरचा रंग खरवडण्यात गुंतलेले मास्तर उशिराने तिच्यापुढे हात जोडायला पोचले, तेवढ्यात बिशपसाहेबांची जीप आली.

साहेब उतरले आणि दारावर बघतच राहिले. "हे काय?"

"त्रैक्य आहे, साहेब."

"आणि टोक खाली?"

मास्तरांनी आभाळाकडे बोट केलं. "देवाची कृपा... वरून खाली येते ना, साहेब."

बिशपसाहेब काही दुधखुळे नव्हते. त्यांच्या कपाळावर आठी चढली. पण आत पाऊल टाकलं तर चर्च बायकांनी खच्चून भरलेलं! गावातल्या ख्रिस्ती होत्या, शेजारच्या गावांतल्या ख्रिस्ती नसलेल्याही होत्या. एवढी गर्दी साहेबांनी जिल्ह्याच्या गावीही पाहिली नव्हती. आठी उतरली. प्रार्थना झाली आणि साहेबांनी जाहीर केलं, "एवढी श्रद्धा असलेलं चर्च यापुढे स्वतंत्र राहील." जीपमध्ये बसताना मात्र ते मास्तरांच्या कानाशी पुटपुटले, "ते पुसून टाका."

मास्तरांचे पाय जमिनीवर ठरेनात. छाती काढून ते मागच्या ओसरीवर गेले. "बाई, जा आता. भेटलं का एखादं नाव?"

"एखादं? एकेचाळीस भेटले!" नर्सबाई खुशीत म्हणाली. "पहाटपासून लाइन लागली होती बायायची. नवऱ्यायचे नावं लिवून देल्ले अन् मंग सावलीले आत जाऊन बसल्या."

मास्तरांनी रजिस्टर ओढून घेतलं. पहिल्याच ओळीत त्यांचं नाव होतं. शेजारी गुणाबाईचा अंगठा.

मास्तरांनी कोपऱ्यातली टोपली उचलली. "मोहा... मोहा वेचून येतो."

गुणाबाईने टोपली त्यांच्या हातातून काढून घेतली.

"बसा इथीच. पयला नंबर तुमालेच पायजे राहते ना सगळीकडं?"