बिनविरोध निवडून आलेले सासरे

आमचे सासरे कुणाच्याही घरी गेले की आधी त्याच्या परसातलं पीक बघतात, मग माणसाला नमस्कार करतात. आयर्लंडला आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही एका शेजाऱ्याकडे चहाला गेलो, तर हे फाटकातच थबकले. "जावईबापू, यायचं सारं पड हाये जी. सांगा त्यायले." पड म्हणजे पडीक. मी शेजाऱ्याला "लवली गार्डन" असं सांगितलं.

सासरे यवतमाळकडचे निवृत्त तलाठी. जन्मभर बांधाबांधाने हिंडून त्यांनी लोकांच्या सातबाऱ्यावर पिकं चढवली. सासूबाई गेल्यावर बायकोने त्यांना इकडे स्वोर्ड्सला आणलं आणि त्यांचा वेळ जावा म्हणून गावाबाहेरच्या अलॉटमेंटमध्ये, म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळतात त्या जमिनीत, एक तुकडा घेतला. त्यांचा वेळ गेला की नाही देव जाणे, माझे शनिवार-रविवार मात्र गेले. गाडी मी चालवायची, इंग्रजी मी बोलायचं.

या तुकड्यांची एक कमिटी आहे. मे महिन्यात प्रत्येकाने काय लावलं ते कमिटीला कळवायचं. ज्याचा तुकडा रिकामा, त्याचा काढून रांगेतल्या दुसऱ्याला द्यायचा. आपण होऊन कोणी कळवत नाही, म्हणून हिंडून बघायला एक माणूस निवडतात. निवडतात म्हणजे काय, सभेत हा विषय निघाला की सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसतात. पण हे सासऱ्यांना सांगणार कोण?

"इलेक्शन हाये आन् प्रचार काहून नाही?" असं म्हणत ते आठवडाभर चिवड्याच्या पुड्या घेऊन तुकड्या-तुकड्यावर फिरले. मागे पिशवी धरून मी. सभेत त्यांनी एकट्यानेच हात वर केला, अध्यक्ष डेक्लन "ग्रँड!" म्हणाला आणि निवडणूक आटोपली. घरी येऊन यांनी अख्ख्या गावाला फोन लावले, "बिनविरोध!"

मग पीकपाहणी सुरू झाली. हे चतुःसीमा सांगणार, मी फोनवर टाइप करणार. खुद्द डेक्लनच्या तुकड्याची नोंद झाली, "कांदा व गवत, मिश्र पीक." डेक्लन हसला बिचारा. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं.

घोडं अडलं मॉरीनच्या तुकड्यापाशी. मॉरीन आमच्याच गल्लीतली, सत्तरीची बाई. हिवाळ्यात तिचा नवरा गेला. दोघं मिळून तिथे राबायची. त्यानंतर ती तिकडे फिरकलीच नव्हती. गुडघाभर गवत माजलं होतं. डेक्लन माझ्या कानाशी म्हणाला, "बटाटे लिहून टाक. कोण बघतंय?" मला तर लगेच पटलं.

सासरे खवळले. "खोटी नोंद? म्या? आमदारानं सांगतली तवा नाही केली!"

"अहो बाबा, मग तिचा तुकडा जाईल. नवऱ्याची तेवढीच आठवण आहे तिच्याकडे!"

"पड हाये त पडच लिहीन. पर पाहणी उद्या पुरी होते. आज नाही लिहत."

मी भयंकर चिडलो. या माणसाच्या काळजाच्या जागी तहसीलचा शिक्का आहे, असं घरी येऊन बायकोला सुनावलं. ती बापाची बाजू घेऊन माझ्याशीच भांडली.

सकाळी हे कोट घालून तयार. "मॉरीनबाईकडं चला."

तिच्या दारात मला सांगायला लावलं की आज पाहणी आहे, ज्याचा तुकडा त्यानेच लावायचा असा नियम आहे, तेव्हा चला. मॉरीन नको म्हणाली. हे भुरभुर पावसात उभेच. शेवटी, मला वाटतं आम्हाला कंटाळूनच, ती नवऱ्याचा रेनकोट चढवून निघाली.

तिथे जाऊन बघतो तर अर्धं गवत उपटलेलं, सऱ्या पाडलेल्या. एकट्याने बसमध्ये चढायला घाबरणारे सासरे आदल्या संध्याकाळी बसने येऊन हे करून गेले होते. त्यांनी मॉरीनला खुर्ची मांडून दिली आणि मोड आलेल्या बटाट्यांची टोपली तिच्या मांडीवर ठेवली. ती वाकून एकेक बटाटा सरीत सोडायची, हे माती ओढायचे. चार-दोन बटाट्यांनंतर तिला रडू फुटलं. "सॉरी," ती मला म्हणाली, "मी किती गवत माजू दिलं."

मी ते सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"माणूस गेल्यावर एखादा हंगाम पड जातेच जी. मायावाले तर दोन हंगाम गेले. सांगा त्यायले."

सासूबाईंविषयी ते इकडे आल्यापासून पहिल्यांदाच बोलत होते, आणि तेही मला नाही, मॉरीनला. मी ते कसंबसं इंग्रजीत सांगितलं. मॉरीन खुर्चीवरून उठली आणि त्यांच्या शेजारी चिखलात गुडघे टेकून हातांनी माती सारू लागली. सासरे थोडे बाजूला सरकले.

सरी भरल्यावर ते हात झटकत माझ्याकडे वळले.

"आता लिहा," म्हणाले. "बटाटा. लावणारी, खुद्द मॉरीनबाई."