शहाऐंशी पुन्हा आला

माझ्याइतका समंजस सॉफ्टवेअर लिहिणारा अख्ख्या कोचीत नाही, असं मी त्या लग्नाच्या दुपारपर्यंत मानत होतो.

मी रांग सांभाळणारा सॉफ्टवेअरचा एक भाग लिहिला होता. दवाखाना असो, बँक असो, कुठेही बसवा. कोण आलं, कोण आत गेलं, कोण खोळंबलं, एवढंच तो बघायचा आणि बघता बघता शेरे मारायचा. हे शेरे कुठे जावेत, ते मात्र वापरणाऱ्याने ठरवायचं! फाइलीत, पडद्यावर, फोनवर, कुठेही. काहीच ठरवलं नाही, तर तो गप्प. आपण कशाला कुणावर लादायचं?

शेरे मीच लिहिलेले आणि वाचणाराही मीच, म्हणून भाषा जरा घरगुती होती.

आमचे मालक वासुदेवन सर यांच्या मुलीचं लग्न त्रिशूरला निघालं. जेवणाच्या दारातली रेटारेटी टाळायला सरांनी आपलीच यंत्रणा लावायचं ठरवलं. पाहुण्यांना नंबराची कुपनं, दारात ती तपासायची, नंबर स्पीकर पुकारणार. काम माझ्या ऑफिसातल्या रेम्याकडे आलं. "सिबीचेट्टा, तुझे संदेश स्पीकरवर जातील ना?" एवढंच तिने विचारलं; चेट्टा म्हणजे दादा. मी छाती फुगवून म्हणालो, "कुठेही जातील." तिने सगळेच संदेश स्पीकरला जोडले. शेऱ्यांसकट.

पहिली पंगत झकास उठली. मग नवरदेवाचे मामा, कुंजुण्णी मेनन, शहाऐंशी नंबरचं कुपन घेऊन दारात आले आणि स्पीकर खणखणीत आवाजात बोलला, "शहाऐंशी पुन्हा आला. आत्ताच तर गेला होता."

हॉल हसला. मामा जागीच थिजले.

"शहाऐंशी हलत नाही. वाट अडवून बसलाय. हाकलतो."

मामांनी गाडी काढायला सांगितली. त्यांच्यामागे नवरदेवाचे वडील निघाले, वडिलांमागे वऱ्हाड उठायला लागलं. वासुदेवन सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझा राजीनामा टाईप होऊन तयार होता, फक्त सही बाकी!

मी लॅपटॉपकडे धावलो. कुठे चुकतंय ते कळावं म्हणून सवयीने शेऱ्यांचं प्रमाण वाढवलं. झालं! आता स्पीकर श्वासही घेईना. "जागा नाही. मागचे ढकलतायत. हा कुपनाशिवाय घुसतोय. शहाऐंशी पळाला."

रेम्याने वायरच उपटली.

मी गाडीपाशी जाऊन हात जोडले. यंत्राला माणूस दिसत नाही, नुसता नंबर दिसतो, आणि ते शेरे माझे आहेत, असं सगळं सांगून टाकलं. मामांनी काच आणखी थोडी खाली केली.

"त्याला कसं कळलं रे?"

"काय?"

"मी एकदा जेवलोय ते. पहिल्या पंगतीत पायसम माझ्यापर्यंत येईतो संपलं होतं."

मी कुणालाही न सांगण्याची शपथ घेतली आणि आचाऱ्याकडून त्या खिरीचं, पायसमचं, भांडंच गाडीत नेऊन दिलं. थोड्या वेळाने मामा मिशा पुसत उतरले. यंत्र साफ खोटारडं आहे आणि ते लिहिणारा गाढव आहे, असं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. मी मान डोलावली. वऱ्हाड पुन्हा पानावर बसलं.

सोमवारी रेम्याने कोडच्या एका ओळीत शेरे स्पीकरवरून काढून टाकले आणि ती चहाला गेली. मला सरांनी दुसरी चूक दुरुस्त करायला दिली आहे: न जेवलेल्या माणसाला यंत्र जेवलेला का समजतं, ते शोधून काढायचं.

अजून शोधतोय!