नातियुकांच्या तळघरी संगणक वारंवार पडला, त्या मोहिमेचे वर्तमान

कॅनडा देशी, सस्काचेवान सुभ्यात, जेथे हिवाळ्यात पापण्या गोठतात आणि तरी माणसे एकमेकांस आज हवा बरी आहे म्हणतात, तेथील नातियुक घराण्याच्या तळघरी संगणकाची जी धामधूम झाली, तिचे वर्तमान येथे लिहिले असे. पाहिले ते लिहिले आणि पदरचे थोडे घातले. मोठ्या लढाया लिहिणारे बहुत, या लढाईस मात्र कोणी वाली नव्हता, सबब लिहिणे प्राप्त झाले.

त्या गावी कर्लिंग नामक खेळाचे बहुत प्रस्थ. बर्फावर जड दगड घसरवावा आणि त्याचे पुढे झाडू मारीत धावावे, ऐसा खेळ. घरी केर काढा म्हटले तर ज्यांस ऐकू येत नाही, ते सरदार तेथे जीव तोडून झाडतात. फेब्रुवारीत सामन्यांचा मोठा मेळा भरे, आणि कोणाचे पथक कोणाशी व कोणत्या वेळी भिडेल, हा तक्ता लावण्याचा अखत्यार राजमान्य लोरेटाबाई नातियुक यांजकडे. बाईंचा दरारा ऐसा, की भले भले शिलेदार त्यांच्या अंगणातले बर्फ न सांगता उपसून देत.

या अखत्यारावर कर्लिंग क्लबातल्याच मर्नाबाई कोवालेन्को यांची फार दिवसांची नजर. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तक्ता क्लबात दाखल झाला नाही, तर काम मर्नाबाईंकडे जावे, ऐसा ठराव त्यांनी गोड बोलून करून घेतला होता. आणि त्याच हंगामात लोरेटाबाईंच्या संगणकाने दगा दिला.

बाई तक्ता मांडू लागल्या, तो पडदा एकाएकी काळा झाला आणि यंत्र निपचित पडले. मग थोडे थांबून पुन्हा जागे केले, आणि चार पथके मांडून होतात न होतात तो पुन्हा अंधार. मग बाईंनी दर ओळीस जतन करण्याचा सावधपणा धरला, आणि यंत्राने तक्ता उघडण्याआधीच मान टाकण्याचा रिवाज धरला.

तेव्हा कॅलगरीस चिरंजीव डार्सी संगणकाचे जाणते, त्यांजकडे फोनावरून कुमक मागितली.

“आई, बंद करून परत चालू केलंस का?”

“बंद ते स्वतःच होतंय रे. मी फक्त चालू करते.”

“मग आत धूळ असेल. बाबांना सांग, उघडून साफ करा.”

बाईंचे यजमान राजेश्री एमिलराव हे निवृत्त शेतकरी, हातात पाना असला की सुखी. हुकूम होताच ते टेबलाखाली शिरले आणि संगणकाची पेटी बाहेर ओढून, झाकण काढून, धुळीचा मुलुख बेचिराख केला. यंत्र उघडेच चालवून पाहिले, तर तासभर मर्दासारखे चालले. मग बाई वर कॉफी करण्यास गेल्या, एमिलरावांनी झाकण लावून पेटी जागेवर नेऊन ठेवली आणि फत्ते झाली ऐसे जाहीर केले. बाई येऊन बसल्या, आणि कॉफी निवण्याआधी यंत्र पडले.

मग मेमरीच्या पट्ट्या बदलल्या. मग विजेचा पुरवठा करणारा डबा नवा आणून बसवला. मग विषाणूंचा संशय धरून आतला कोपरा अन् कोपरा झडतीस घातला. दर खेपेस झाकण काढले की यंत्र ठणठणीत, आणि झाकण लावून एमिलराव टेबलाखालून बाहेर आले की प्रेत. डार्सीची अक्कल गुंग झाली, आणि त्यांनी नवा संगणक घ्या ऐसे सांगून अंग काढून घेतले.

गुरुवारी दुपारी मर्नाबाईंचा फोन आला.

“लोरेटा, मला अगदी वाईट वाटतंय गं. दे ना मला, मी करते. माझा लॅपटॉप नुसता पडूनच असतो.”

“माफ कर हं मर्ना, झालंच आहे माझं,” बाई म्हणाल्या, आणि झाले काहीच नव्हते.

एमिलराव ट्रक गरम करण्यास अंगणात गेलेले. तेव्हा बाईंनी स्वतः विजेरी घेतली आणि कंबरेस न जुमानता टेबलाखाली, पार मागल्या अंधारात, प्रवेश केला. पाहतात तो पेटीस शिकारीचा लोकरी कोट घालून सुतळीने आवळलेला, आणि पुढल्या जाळीवर बिअरच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवलेला. आत हात घातला तो चटका बसला.

“एमिल! खाली ये. आत्ताच्या आत्ता!”

एमिलराव बुटांसकट आले.

“हे काय आहे?”

“कोट. माझा.”

“ते दिसतंय मला! कॉम्प्युटरला का घातलाय?”

“बाहेर उणे पस्तीस आहे, लोरेटा. इंजिन गारठू नये म्हणून ट्रकच्या जाळीला पुठ्ठा लावतो, ट्रॅक्टरला लावतो. म्हटलं, ह्या बिचाऱ्यानं काय पाप केलंय?”

“अरे, त्याला आत पंखा असतो! गार व्हायला!”

“थंडीत पंखा?” एमिलराव मनापासून चकित झाले. “मग बरोबर आहे. पंखा चालू ठेवलास तर गारठून बंदच पडणार ना ते!”

“आणि दर वेळी उघडल्यावर तू हे परत घालत होतास?”

“म्हणजे काय! उघडं कसं टाकू?”

यावर बाई कोटासकट पुठ्ठा उपसून बाहेर आल्या. मग पेटी मोकळी टेबलावर मांडली, आणि ती एकदाही न डगमगता चालली, आणि दिवेलागणीआधी तक्ता सिद्ध होऊन क्लबात रवाना झाला. मर्नाबाईंनी अभिनंदनाचा फोन केला, तो दात आवळून केला.

एमिलरावांनी तक्ता वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“शनिवारी पहाटे सहाला? मी, आणि तेही मर्नाच्या पथकाशी? लोरेटा, इथे काहीतरी चुकलंय.”

“नाही चुकलं.”

येणेप्रमाणे संगणकाचे बंड मोडले, तक्त्याचा अखत्यार नातियुकांकडे कायम राहिला, आणि दोन्ही गुन्हेगार एकाच वेळी एकाच बर्फावर हजर करण्यात आले. क्लबाचा हीटर सातनंतर लागतो, हे बाईंस ठाऊक होते, ऐसी नोंद असावी.