बी टू झालेला कोल्हा आणि नापास अस्वल

एका जंगलात जर्मन भाषेचे सात क्लास होते आणि पाणवठा एकच होता.

झालं होतं असं, मुलांनो, की लांबच्या एका थंड जंगलात कामाला प्राणी कमी पडत होते. तिकडे जायचं तर जर्मन यायला हवी. ए वन या पहिल्या परीक्षेला सगळेच पास होत. नाव सांगायचं, गाव सांगायचं, शेपटीचा रंग सांगायचा. पास झालं की गळ्यात पळसाचं पान. तिसऱ्या, बी वनच्या परीक्षेला मात्र क्लासच्या साळुंकीबाई विचारत, "शहरातल्या वाहतुकीबद्दल तुमचं मत सांगा." आता जंगलातल्या प्राण्याचं वाहतुकीबद्दल काय मत असणार? अर्धा वर्ग तिथेच गळायचा.

अस्वलांतला हैबती गळला नाही. तो त्यापुढची बी टूसुद्धा झाला. "अंगावर एवढे केस आहेत, थंडी तुझं काय करणार!" असं सगळे म्हणाले आणि तो गेला. म्हाताऱ्या पक्ष्यांची सेवा करायचं काम त्याला मिळालं. दुसऱ्या हिवाळ्यात तो आजारी पडला आणि मेला. घरी आलेलं पत्र एका ओळीचं होतं. खाली शिक्का मात्र मोठा होता.

हैबतीचा धाकटा भाऊ गोमा. त्याने शाळा दुसरीतच सोडली होती. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो क्लासला जाऊन बसला.

"तू पण तिकडे जाणार की काय?" कोल्ह्याने विचारलं.

"नाही."

"मग कशाला डोकं फोडून घेतोस?"

"तिकडचं कुणी आलं तर विचारायचंय. दादा शेवटी काय बोलला ते."

ए वन, ए टू त्याने रेटून नेलं. बी वनला दोनदा नापास झाला. वाहतुकीबद्दल तो म्हणाला, "गाड्या नकोत." बाई म्हणाल्या, "मत निदान ऐंशी शब्दांचं हवं."

त्या थंडीत तळ्यावर करकोच्यांचा थवा उतरला. त्यांत एक म्हातारी होती. तिला जर्मनशिवाय काही येत नव्हतं. येईल त्या प्राण्यासमोर ती एकच नाव घ्यायची. हैबती. हैबती.

गोमा धावत कोल्ह्याकडे गेला. कोल्ह्याच्या गळ्यात बी टूचं पान होतं.

"कोल्होबा, चला ना. तेवढं विचारून द्या."

कोल्हा गेला. म्हातारी बराच वेळ बोलली. कोल्हा मान डोलवत "हं, हं" करत राहिला.

"काय म्हणाली?"

"हवामानाबद्दल बोलली."

"एवढा वेळ?"

"तिकडे हवामान फार असतं. आणि तिचे उच्चारही पुस्तकातले नाहीत रे. चुकतं तिचं."

गोमा साळुंकीबाईंकडे गेला. "बाई, मीच जाऊन बोलतो."

"खुळा का तू? बी टू झाल्याशिवाय खऱ्या जर्मनाशी बोलायचं नाही. चुका पक्क्या होतात."

"थवा उद्या उडणार आहे, बाई."

"मग पुढच्या थंडीत बोल. तोवर तुझी तयारी..."

बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत गोमा तळ्यावर पोचला होता.

"आजी. मी भाऊ. हैबतीचा. तो शेवट बोलणे काय?"

एवढ्याशा बोलण्यात चार चुका. मागून आलेल्या बाईंनी फांदीवर बसून त्या मोजल्या.

म्हातारी त्याच्याजवळ सरकली. मग पिलाला घास बारीक करून द्यावा तशी, एकेक सोपा शब्द निवडून बोलू लागली.

"तुझा भाऊ मला भरवायचा. सूप फार गरम असायचं. शेवटच्या दिवशी तो जर्मन विसरला. तुमच्या भाषेत बोलला. मला कळलं नाही. म्हणून पाठ केलं."

तिने डोळे मिटले आणि अडखळत म्हणाली, "गोम्या, अख्खं पोळं एकटा खाऊ नको रे. पोट दुखतं तुझं."

उच्चार भयंकर होता. कोणत्याही क्लासने तिला ए वनलासुद्धा पास केलं नसतं.

परीक्षेत 'कृपया पुन्हा सांगा' म्हटलं की गुण कापले जात. गोमाने ते सात वेळा म्हटलं.

बाईंनी सातही वेळा गुण कापले.

तात्पर्य : परकी भाषा पूर्ण आल्याशिवाय तोंड उघडू नये. घाई कसली? मेलेला भाऊ काही कुठे पळून जात नाही.