नानांच्या ओसरीवरच्या चपला

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भर दुपारी, झोका खेळता खेळता सविताला फिटचा झटका आला आणि तिच्या सख्ख्या काकाने पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. सविता आमच्या गल्लीची लेक, माहेरी सणाला आलेली. अन्याय तिच्यावर झाला, हे आधी लिहून ठेवतो. कारण गावभर चर्चा झाली ती काकाच्या चपलेची.

ती चप्पल उत्तमनानांनी हिसकावली, सविताला कुशीवर वळवलं, ती शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बसले आणि मग चप्पल काखेत मारून चालू लागले.

नाना म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त विज्ञान शिक्षक. झटकेवाल्याला हुंगवलेली चप्पल ते जप्त करतात. परत हवी तर ओसरीवर बसून धडा ऐकायचा. पुष्कळ जण चपलेवर पाणी सोडतात. ओसरीच्या खिळ्यांना अशा एकेकट्या चपला लटकलेल्या आहेत.

काका तापलेल्या रस्त्यावर एका पायाने नाचत मागे आला. त्याच्यामागे सविता, तिची आई आणि अर्धी गल्ली.

"नाना, चप्पल द्या ना!"

"पायले चटका लागस ना? बस. धडा आयक, मंग चप्पल."

"पन चप्पल लावी तवय ती शुद्धीवर उनी ना?"

"झटका आपला आपण थांबना, नाव तुन्ही चप्पलनं!"

मग नाना अहिराणी सोडून वर्गातल्या मराठीवर आले. "मिरची वाळवायच्या पथारीवर एक बाई खोकली की सगळ्या खोकतात. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. झटक्यात सगळ्या एकदम बोंबलतात. झटक्यावरच्या काही गोळ्या पेशीचं दार आवरतात. सोडियम सारखं आत घुसत नाही, म्हणून तीच पेशी पुन्हापुन्हा बोंब मारत नाही. काही गोळ्या 'गप बसा' या निरोपाला जोर देतात. बोलणं बंद होत नाही, बोंब आवरते. आणि गोळी अचानक सोडली, तर?"

सविताची आई पदरात तोंड घालून रडायला लागली. जावई न्यायला येणार, सासरी आजार माहीत नाही, म्हणून तिने सविताच्या गोळ्या बंद करून ज्वारीच्या कोठीत लपवल्या होत्या.

"रडू नको, माय," सविता म्हणाली. "त्यासले मीच सांगसू." आणि ती गोळ्या काढायला घराकडे वळली. पुढे कसं करायचं ते विचारायला नाना स्वतः तिला डॉक्टरकडे घेऊन गेले.

संध्याकाळी मी ओसरीवर गेलो. झटक्यांबद्दलच्या या पत्रकासाठी चपलांचा फोटो हवा होता. सगळ्यात वरच्या खिळ्याला एक झिजलेली कोल्हापुरी होती.

"ही कोणाची?"

"मन्ही," नाना म्हणाले. "तुन्ही काकूले, मन्ही घरवालीले, मीच हुंगाडू. ती लगेच डोळा उघाडे. माले वाटे, गुण उना. झटका आपला आपण थांबे, ती लाजीसन डोळा उघाडे, हे तिनी मरताना सांगं."

त्यांनी ती खाली काढली, धूळ पुसली, परत टांगली. मी फोटो काढला नाही.

म्हणून हे तुम्हालाच सांगतो. चप्पल पायात ठेवा. माणसाला कुशीवर वळवा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर दवाखान्याची गाडी बोलवा. आणि तुमच्या घरात कुणाची गोळी कोठीत, गादीखाली, देवामागे दडवलेली असेल, तर उठा. आज जेवताना ती ताटाशेजारी ठेवा, पाहुण्यांदेखत.