लॉरेटाचा क्विन्टेरो

पिएरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, तळणाऱ्या बायकोला बेसबॉलचं अर्थशास्त्र समजावून सांगावं, असं वॉल्ट कोस्तेल्निकला का वाटलं, देव जाणे. (गावच्या बेसबॉल क्लबच्या तिकीटविक्री खात्यात त्याचं कुणी ऐकत नसे. निदान घरी तरी ऐकावं, एवढीच माफक इच्छा.)

“हे बघ लॉरेटा, न्यूयॉर्कात माणसं मुंग्यांसारखी. तिथे टीव्हीवाले पैसा ओततात. आपलं गाव केवढंसं! त्यात आपले लोक संघ जिंकला तरच येणार, हरला की घरी बसून शिव्या घालणार. मग क्विन्टेरोसारखा भारी चेंडू टाकणारा पिचर पोसायचा कशावर? एक दिवस विकावाच लागेल!”

लॉरेटाचा झारा हवेतच थांबला. “क्विन्टेरोला विकताय?”

“अगं, उदाहरण देतोय!”

पण तिने तोवर बहिणीला फोन लावलासुद्धा. बहिणीचं केस कापायचं दुकान. म्हणजे संपलंच!

सकाळी वॉल्टने दार उघडलं तर हिरवळीवर निम्मी गल्ली उभी. हातात फलक, तोंडात शिव्या.

“अहो, मी साधा कारकून! खेळाडू विकताना मला कोण विचारतं?”

“खोटं बोलू नकोस,” शेजारचा ग्रोगन ओरडला, “तुझं तोंडच विकल्यासारखं दिसतंय!”

आता मात्र वॉल्टचं डोकं सणकलं. “ग्रोगन, शेवटचं स्टेडियममध्ये कधी पाऊल टाकलंस?”

“संघ हरतो ना!”

“मग बोंबलतोस कशाला?”

“बरोबर बोलतोय तो!” मागून लॉरेटा गरजली. (लग्नानंतर हे वाक्य वॉल्ट प्रथमच ऐकत होता.) “तिकिटं काढा सगळ्यांनी! नाहीतर क्विन्टेरो गेल्यावर माझ्या दारात रडायला येऊ नका!”

मग ती सुटलीच. केसांचं दुकान, चर्च, किराणा, दंतवैद्याची खुर्ची... तोंड उघडं असलेल्या माणसालाही तिने तिकीट विकलं.

शुक्रवारी स्टेडियम खच्चून भरलं. क्विन्टेरोला प्रतिस्पर्ध्यांनी यथेच्छ धुतलं, संघ दणकून हरला. पण एकही माणूस जागचा उठला नाही. वॉल्टच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात क्लबच्या मालकांनी, हेगडॉर्नसाहेबांनी, बोलावलं. वॉल्टने टाय सरळ केला.

“वॉल्ट, अशा माणसाच्या शोधात मी कित्येक वर्षं होतो!”

“साहेब, मी फक्त माझं काम—”

“त्याच कामाबद्दल बोलतोय. सोमवारपासून ते लॉरेटा बघेल. तू तिच्या हाताखाली. जमेल ना?” साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “म्हणजे, घरी सवय असेलच.”